मारायचे कांदे

जठारपेठेत राहणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी तेलगोटे यांनी एकोणीस वर्षांत जेवढे जीव घेतले, तेवढे घेऊन वऱ्हाडात आजवर कोणी उजळ माथ्याने फिरलेलं नाही. रोज सकाळी साडेनऊला अंगात पांढरा कोट, हातात ब्लेड, आणि समोर काचेच्या बरण्यांच्या तोंडावर ओळीने बसवलेले कांदे. कांद्यांचे बूड पाण्यात, त्यांना तिसऱ्या दिवशी दुधाच्या दातांसारखी मुळं फुटलेली. बाई ती मुळं छाटायच्या आणि अल्कोहोल-ॲसिडच्या जालीम मिश्रणात बुडवायच्या. चोवीस तासांनी बाहेर काढून तेजाबात शिजवायच्या, लाल रंगात माखायच्या, दोन काचांमध्ये धरायच्या आणि वरून अंगठ्याने चिरडायच्या. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून खुदकन हसायच्या.

यात दुष्टपणा काही नव्हता. एका पेशीच्या दोन कशा होतात हे पाहायचं असेल, तर तिला ऐन दोन होतानाच मारावं लागतं. चौकातल्या भांडणातली पहिली थप्पड पाहायची असेल, तर थप्पड हवेत असतानाच सगळ्यांनी दगड व्हायला पाहिजे; नंतर पोचलं की नुसते साक्षीदारच भेटतात. पेशीचंही तसंच आहे. तिच्या पोटातली गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात, दोन्हीकडून दोऱ्या ताणल्या जातात, आणि अर्धी इकडे अर्धी तिकडे खेचली जातात. तो क्षण पकडायचा, तर मृत्यू पेशीपेक्षा चपळ पाहिजे. बाईंचा होता.

या धंद्याची सुरुवातही रक्तानेच झाली. भातकुलीजवळच्या गावात, जयंतीच्या मिरवणुकीवर एका वर्षी दगड आले. वडील किसनराव निळा झेंडा धरून पुढे होते, म्हणून पहिला दगड त्यांच्या वाट्याला आला. आठ वर्षांची प्रियदर्शनी बापाचं डोकं आईच्या पदरात धरून बैलगाडीतून दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी अकरा टाके घातले. भूल पुरेशी नव्हती, किसनराव ओरडत होते आणि पोरगी टाके मोजत होती.

पंधरा दिवसांनी टाके निघाले तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "फुटलेलं डोकं आपोआप कसं जुळते?"

"अवं, तिथली एक पेशी दोन होते, दोनच्या चार होतात, आन् जागा भरून निंगते."

"दिसते काय ते?"

"तुह्या बापाच्या डोक्यात नाई दिसत," डॉक्टर म्हणाले, "कांद्यात दिसते."

किसनराव टाळू चाचपत म्हणाले, "पुढच्या टायमाले मंग कांदाच घेऊन जातो मिरवणुकीत."

पोरगी शिकली. अमरावतीला पदवी केली, एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली. मार्गदर्शक इतके तापट की वाईट स्लाइड भिंतीवर फेकून मारायचे. तीन वर्षांत तिच्या कपाळाला दोनदा काच लागली. तोंडी परीक्षेत आडनाव विचारल्यावर परीक्षकांचा आवाज कसा बदलतो तेही तिने ऐकलं. पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. प्रयोगशाळेत मिळालं काय, तर एक बरा मायक्रोस्कोप, एक कुरकुरणारा फ्रिज आणि देवीदास.

देवीदास म्हणजे प्रयोगशाळेचा परिचर. अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतलेला, तोंडाचा फटकळ. बाई वर्गात शुद्ध बोलायच्या आणि देवीदासशी घरच्यासारखं. या दोघांना कांदे पुरवायची माणिकबाई. ती अकोटकडची माळीण होती. बाजारातले कांदे कोंब येऊ नये म्हणून कशाकशात घोळवलेले असतात, तिचे घरचे असायचे. दर शनिवारी ती पोत्यात लहान कांदे घेऊन एस.टी.ने यायची आणि दारातूनच हाक द्यायची, "मॅडम, मारायचे कांदे आनले वं!"

त्या वर्षी माघात मात्र ती रिकाम्या हाताने आली. पोत्याऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. बाटलीवर हिरवंगार शेत, त्यात हसणारी बाई, आणि 'पीकवर्धक टॉनिक' अशी मोठी अक्षरं.

"अकोटच्या कुंदनच्या दुकानातून आनलं. दोन एकर कांद्यावर मारलं," ती म्हणाली. "पात पिवळी, मुळं काळी, गाठी आलेल्या. माह्या हाताची सालटं निंगाली. म्या ग्राहक आयोगात तक्रार केली तं कुंदन म्हनते, बाई खोटी हाय, तिनं दुसरंच काई फवारलं. मॅडम, तुमी रोज कांदे मारता. हे कोनं मारले ते सांगा ना."

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच मेलेल्यांच्या बाजूने काम हाती घेतलं. टॉनिक न लागलेल्या जुन्या साठ्यातले कांदे माणिकबाईकडून आणवले आणि चोवीस बरण्या लावल्या. बारा बरण्यांत टॉनिक, बारा बरण्यांत साधं पाणी. कांदे तेच, दिवस तेच, खोली तीच. मुळं छाटून चोवीस छोट्या बाटल्यांत भरली आणि बाटल्यांवर फक्त आकडे टाकले. कोणता आकडा कशाचा, ते देवीदासच्या वहीत. वही त्याच्या घरी.

हा बाईंचा कडक नियम होता. मोजणाऱ्याला कोणती बाटली कशाची ते माहीतच असता कामा नये. माणसाचा डोळा लबाड. विषाची आहे असं कळलं, की त्याला मोडकी गुणसूत्रं जास्त दिसतात. म्हणून तर बोर्डाच्या पेपरावर नाव लिहू देत नाहीत. आडनाव वाचलं की मार्क हलतात, हे प्रियदर्शनीला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

सुनावणीला तेरा दिवस उरले होते. आयोगाने बाईंना तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं. पेशी खरंच टॉनिकने मोडल्या की नाही, हे त्यांनी सांगायचं. त्यांनी सांगितलेलं टिकलं तर माणिकबाई खरी, नाही तर अख्ख्या तालुक्यात खोटारडी.

दुसरा शनिवार होता. कॉलेज सुटीचं, रिकामं; प्रयोगशाळेत बाई आणि देवीदास दोघंच. सकाळी साडेअकराला दोन माणसं आत आली. एक जाडा, एक उंच. उंच्याने दार आतून लावलं.

"टॉनिकच्या बाटल्या कोनत्या?" जाड्याने विचारलं.

यात कुंदनचं डोकं होतं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की कॉलेजचा माल फोडला तर मोठं कलम लागतं. म्हणून त्याने माणसांना बजावलेलं: फक्त आपल्या टॉनिकच्या बाटल्या फोडायच्या. आपला माल आपण फोडला तर गुन्हा कसला?

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

जाड्याने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून सिंकमध्ये पडला.

"तुमीच तं करून राहिले ना हे सारं? मंग माहीत कसं नाई?"

"मोजणाऱ्याला माहीत नसतं. तशीच पद्धत आहे."

जगात याहून खरं उत्तर नव्हतं आणि याहून खोटं वाटणारंही नव्हतं. उंच्या हसला. जाड्या नाही हसला. त्याने बाईंचा उजवा हात मनगटाशी धरला, टेबलाचा ड्रॉवर ओढला, हात आत घातला.

"आता आठवते काय?"

"माहीत नाही मला."

ड्रॉवर लाकडी होता, जुन्या सागाचा. त्याने तो पायाने बंद केला. काडी मोडल्यासारखा आवाज आला. बाई ओरडल्या, पण ओरडण्यात शब्द एवढाच होता: "नाही माहीत!" ड्रॉवर पुन्हा उघडला. पुन्हा पाय उचलला गेला.

"थांब बे!" कोपऱ्यातून देवीदास किंचाळला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. उंच्याने त्याला आधीच भिंतीवर आपटलं होतं. "मले माहीत हाये. तिले सोड, म्या सांगतो. दोन, पाच, सहा, नऊ..."

वही समोर नसताना त्याने बारा आकडे धडाधडा सांगितले. उंच्याने फ्रिज उघडून त्या बारा बाटल्या फरशीवर एकेक आपटल्या आणि बुटाने काचेसकट रगडल्या. टॉनिकची बाटलीही फोडली. खोलीभर ॲसिडचा वास भरला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "मॅडम, दार काहून लावलं?"

जाड्याने दार उघडलं, दारातल्या बाईला बाजूला ढकलून निघायला. माणिकबाईने आत पाहिलं: मॅडमच्या हाताचं रक्त, फरशीवरच्या काचा. तिने एकही प्रश्न विचारला नाही. दहा किलो कांद्याचं पोतं दोन्ही हातांनी मागे नेलं आणि जाड्याच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. तो खाली बसला, तसं पोतं दुसऱ्यांदा मानेवर आलं. उंच्या तिच्या अंगावर धावला, तर फरशीभर घरंगळलेल्या कांद्यांवरून त्याचा पाय सटकला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. मग दोघंही एकमेकांना ओढत जिन्यावरून पळाले. माणिकबाई जिन्यापर्यंत मागे गेली आणि वरून कांदे फेकत राहिली. "या ना! अजून या! तुमच्या कुंदनलेबी घेऊन या!"

आत बाई खुर्चीत बसल्या होत्या. अंगठा पेरापासून वेगळ्याच दिशेला वळलेला, नख काळंनिळं. देवीदास त्यांच्या कानाशी वाकला. फुटलेल्या ओठांतून त्याला हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, येडे बनवले मी त्याहिले. टॉनिकच्या साऱ्या बाटल्या सलामत हायेत."

"मग फोडलं काय?"

"साध्या पान्याच्या! साऱ्याच्या साऱ्या!"

बाईंनी डोळे मिटले.

"देवीदास, तुमी पाणी मारलं."

"पानीच ना मॅडम. पान्याचं काय एवढं?"

"टॉनिकवाल्या कांद्यात गुणसूत्रं मोडली, मी म्हणीन. वकील म्हणन, साध्या पाण्यात मोडत नाहीत कशावरून? त्याले दाखवाले माह्यापाशी आता काय हाय? ज्यानं काहीच केलं नाही, त्याच्यावाचून ज्यानं केलं तो गुन्हेगार ठरत नाही." मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. देवीदासचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

माणिकबाई म्हणाली, "एवढा मार खाल्ला तं त्या उरलेल्या बारांवर काम भागवा ना."

"नाही भागत. नव्यानं सारं करावं लागन. दोन्हीकडचं, एकाच दिवशी."

"तेरा दिवसांत? अन् हात?"

हाताला प्लास्टर बसलं, कोपरापर्यंत. पोलिसांनी तक्रार घेतली आणि बंदोबस्ताला धर्मेंद्र नावाचा हवालदार दारात खुर्ची टाकून बसवला. तिसऱ्या दिवशी, त्याच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असताना, बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हवालदार, एक काम कराल? देवीदासला आता वही द्यायची नाही, वकील म्हणेल हा आमचाच माणूस. चोवीस बरण्या तुम्ही भरा. कोणत्यात टॉनिक, कोणत्यात पाणी, तुमचं तुम्ही ठरवा. कागदावर लिहा, पाकिटात घाला, ठाण्याचं लाखेचं सील मारा. आम्हाला सांगू नका."

"मॅडम, हे माह्या ड्युटीत बसते काय?"

"नाही बसत. म्हणून तर विचारतेय."

धर्मेंद्रने टोपी काढून डोकं खाजवलं. मग साध्या कपड्यांत अकोटला जाऊन, खुद्द कुंदनच्या दुकानातून, पक्क्या बिलाने टॉनिकची बाटली घेऊन आला. बरण्या भरताना त्याने दोघांना बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली. अर्ध्या तासाने बाहेर आला तो घामेघूम. "चोवीसच्या चोवीस," तो म्हणाला, "आता मले मारलं तरी सांगनार नाई."

"त्याची वेळ आली की सांगशील," देवीदास पुटपुटला.

मुळं फुटली, छाटली, मारली. आता चिरडायची. इथे घोडं अडलं. अंगठा थोडा जास्त दाबला, तर पेशी फुटतात. थोडा सरकला, तर चुरगळतात. कमी दाबला, तर गुणसूत्रं एकमेकांच्या अंगावर पडून राहतात आणि मोडकं कोणतं, शाबूत कोणतं, कळत नाही. ही गोष्ट बाईंच्या उजव्या अंगठ्याला माहीत होती आणि तो अंगठा प्लास्टरमध्ये होता. डाव्याने करून पाहिलं. सगळा लाल चिखल झाला.

"देवीदास, बसा."

"मी बाटल्या धुनारा मानूस, मॅडम."

"पाणी तुमी मारलं. बसा."

पहिल्या दिवशी त्याने सव्वीस स्लाइडी फोडल्या. काचा तडकल्या, बोटं कापली, लाल रंग आणि रक्त एकमेकांत मिसळलं. बाई मागे उभ्या राहून ओरडायच्या.

"तुमच्या अंगठ्यात राग हाय!"

"राग त्या कुंदनचा हाय."

"मंग कांद्यावर काहून काढून राहिले?"

"तो इथं नाई ना हात घालाले!"

दुसऱ्या दिवशी एकोणीस फुटल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने एक स्लाइड पुढे सरकवली आणि नजर खाली घातली. बाईंनी डोळा लावला. बराच वेळ उचलला नाही.

"फुटली काय?" त्याने विचारलं.

"या. पाहा."

अठ्ठावीस वर्षांत देवीदासने त्या मायक्रोस्कोपची धूळ पुसली होती, आत पाहिलं नव्हतं. त्याने एक डोळा घट्ट मिटला. लाल रंगाच्या गोल मैदानात एक पेशी अर्ध्यात थांबली होती. गुणसूत्रं दोन गटांत ओढली गेलेली, पण मधे एक धागा दोन्हीकडून ताणून तुटायच्या बेतात होता, आणि बाजूला दोन तुकडे असेच पडलेले, कोणत्याच बाजूचे नसलेले.

"मायबाप," तो हळूच म्हणाला. "हे तं बैलं दोन दिशेनं हाकून मानूस फाडल्यावानी हाय."

"हं. आता पुढची दाबा."

बाईंनी चोवीस बाटल्यांचे आकडे लिहिले. बऱ्याच बाटल्यांत शंभरात तीन-चार पेशी मोडलेल्या, बऱ्याच बाटल्यांत तीस-पस्तीस. फक्त सतरा नंबरची बाटली मधेच: शंभरात अकरा. त्यांनी ती पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. अकराच.

"हिले बाजूला टाका ना," देवीदास म्हणाला. "वकील हिलेच धरन."

"धरू दे. आहे ते आहे."

सुनावणीला कुंदन पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात खिशात घालून आला होता. मारणारे दोघं सापडले होते, नाकाला पट्टी असलेला आणि कपाळाला टाके असलेला. पण मालकाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. माणिकबाई मागच्या बाकावर ताठ बसली. बाईंनी आधी सगळे आकडे वाचले. पाकीट तोवर बंद होतं.

कुंदनचा वकील उठला. "मॅडम, या स्लाइडी दाबल्या कोणी?"

"आमच्या परिचरांनी. त्यांच्या हातून पंचेचाळीस फुटल्या. फुटलेली एकही मोजली नाही."

"आणि ही सतरा? ना धड इकडची, ना धड तिकडची. ही टॉनिकची की पाण्याची?"

"मला माहीत नाही."

खोलीत खसखस पिकली. फक्त देवीदासने खालचा ओठ चावला.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी पाकिटाची लाख तोडली आणि धर्मेंद्रला वाचायला सांगितलं. त्याने खाकरून सुरुवात केली. "एक नंबर, पानी. दोन नंबर, टॉनिक. तीन, टॉनिक. चार, पानी..." अध्यक्षबाई पेनाने खुणा करत होत्या. सोळापर्यंत सगळं जुळलं. माणिकबाईने बाकाची कड धरली. पाण्याच्या बरणीत अकरा मोडल्या असत्या, तर सगळंच गेलं असतं.

"सतरा," धर्मेंद्र म्हणाला आणि कागद जवळ धरला. "टॉनिक."

पुढच्या सातही जुळल्या.

"म्हणजे एका बाटलीत टॉनिकने फारसं काही केलं नाही!" वकील म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "अकराच मोडल्या. तेही लिहिलंय. बाकी अकरा बाटल्यांत तीसच्या वर."

बाईंनी सोबत आणलेल्या मायक्रोस्कोपात अध्यक्षबाईंनी पाहिलं आणि त्या बाजूला सरकल्या. मग कुंदनला बोलावलं. तो येईना, वकिलाने ढकललं तेव्हा आला. पाहायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. इतका वेळ, की मागे कुजबुज सुरू झाली.

उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे कांद्याचं हाये ना?"

"कांद्याचं."

"मानसाच्या आंगातबी असंच असते काय? या दोऱ्या?"

"असंच. मोजायला अवघड, एवढंच."

त्याने खिशातून हात काढले. पंजे मनगटापर्यंत पिवळट, बोटांच्या पेरांची सालं निघालेली. "टॉनिकचं पीप मोठं हाये," तो म्हणाला, जणू खोलीत ते दोघंच होते. "काडीनं नीट मिसळत नाई. मी हातानंच कालवतो. दोन वर्षं झाले."

वकिलाने कपाळावर हात मारून घेतला.

त्या टॉनिकची विक्री थांबवायचा आदेश निघाला. माणिकबाईला भरपाई मिळाली आणि अकोटच्या बाजारात चार बायका तिला वाट देऊ लागल्या. मारहाणीचा खटला मात्र अजून चालूच आहे. त्यात कुंदनचं नाव आता आलं.

आणि आदेशानंतरच्या सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात स्वतः कुंदन उभा होता. सोबत कोणी नव्हतं. धर्मेंद्र खुर्चीतून ताडकन उठला, देवीदासने हातातला लोखंडी स्टँड उचलला.

"मारामारीले नाई आलो," कुंदन म्हणाला. "मॅडम, माहं रक्त पाहून देता काय?"

बाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. त्या हाताची बोटं अजून सुजलेली होती. त्यांनी कुंदनकडे पाहिलं, त्याच्या पिवळ्या पंजांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने समोरचं स्टूल सरकवलं.

"बसा. माणसाचं रक्त आम्ही काढत नाही, त्यासाठी तंत्रज्ञ येतील. पेशी मी पाहीन. पण काय दिसलं ते खरं सांगेन. चालेल?"

कुंदन बसला. बाही वर केली. 

देवीदास स्टँड हातात धरूनच बाईंच्या कानाशी वाकला. "मॅडम, त्या तंत्रज्ञाले काई सांगू काय?"

"काय सांगता?"

"सुई जराशी जाडी आन म्हनाव."